मैदानानंतरचा जमाखर्च

पहाटेचे पाच-साडेपाच वाजलेले असतात. पालम अजून पुरते जागे झालेले नसते. आडत दुकाने, कापडाच्या पेढ्या, कृषी सेवा केंद्रे या सर्वांची शटर्स खाली असतात. त्याच वेळी गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने मुलामुलींचे लहान लहान गट धावत असतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. म्हणून ही धाव. परभणी जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांत खेळाचा आणि नोकरीचा संबंध असा सरळ आहे. भरती झाली की धावणे थांबते आणि पगार सुरू होतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि त्यात वावगे काही नाही.

खरा प्रश्न उभा राहतो तो या गटातील एखादी मुलगी किंवा मुलगा भरतीच्या घड्याळाच्या फार पुढे निघून जातो तेव्हा. परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला. बेचाळीस किलोमीटरची ती शर्यत जिंकण्यासाठी आयुष्यातील किती पहाटा खर्ची पडतात, याचा हिशेब कोणत्याही वहीत मांडलेला नसतो. या पातळीवरच्या खेळाडूचा दिवस सरावात जातो, महाविद्यालय हजेरीपुरते उरते, सुट्ट्या स्पर्धांच्या प्रवासात संपतात. आणि तिशी ओलांडता ओलांडता शरीर सांगू लागते की आता पुरे.

व्यापारी घरात हेच वय आरंभाचे असते. सुरुवातीस गोदामावर, मग वसुलीला, मग वडिलांच्या शेजारी गादीवर, असे करत करत तिशीच्या आसपास मुलाच्या सहीने बँकेचे व्यवहार होऊ लागतात. पुढची तीस-पस्तीस वर्षे त्याची असतात. खेळाडूच्या बाबतीत ज्या वर्षी इतरांची दुकानदारी जम धरते, त्याच वर्षी त्याचे दुकान बंद होते. उरलेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्याने काय करावे, हा प्रश्न पदकाच्या दिवशी कोणी विचारत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके उदाहरण खाशाबा जाधव यांचे आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते कुस्तीत सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावाने वर्गणी केली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या पैशावर गेलेल्या या पैलवानाने कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

मिरवणुकीनंतर खाशाबांनी जे केले ते व्यापारी वाचकांना अधिक भावेल. त्यांनी कुस्त्यांचे सामने भरवले आणि त्यातून आलेल्या पैशातून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवले. देशासाठी पदक आणले म्हणून कर्ज माफ झाले असे त्यांनी मानले नाही. घेतलेले देणे फेडायचे, हा संस्कार त्यांच्या अंगी होता.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. सत्तावीस वर्षे त्यांनी सेवा केली, खात्यातील स्पर्धा जिंकल्या, खेळाचे प्रशिक्षणही दिले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. म्हणजे मैदान सुटल्यावर काम मिळाले नाही असे त्यांच्याबाबत म्हणता येणार नाही. तरीही उतारवयात निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आज त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. हा गौरव योग्यच आहे. परंतु ज्याला घरखर्चाची तोंडमिळवणी करायची होती त्याच्या हाती तो वेळेवर पडला नाही.

वाणिज्यशास्त्रात घसारा नावाची एक साधी संकल्पना आहे. जिनिंगच्या कारखान्यात यंत्र आणले की पहिल्याच वर्षापासून त्याच्या किमतीचा काही भाग घसारा म्हणून नफ्यातून वजा केला जातो. यंत्र त्या वर्षी उत्तम चाललेले असते, तरीही. कारण दहा-पंधरा वर्षांनी ते मोडीत निघणार हे मालकाला ठाऊक असते आणि त्या वेळी नवे यंत्र घेण्याची ताकद पेढीत असावी लागते. जो व्यापारी घसारा न धरता सगळा नफा वाटून टाकतो, त्याची पेढी कागदावर फायद्यात दिसते आणि एके दिवशी अचानक बसते. खेळाडूचे शरीर हे असेच आयुर्मर्यादा असलेले भांडवल आहे. त्याचा घसारा पैशाच्या रूपाने धरावा लागतो, आणि त्याहून अधिक, दुसऱ्या एखाद्या कौशल्याच्या रूपाने. तोही खेळ उत्तम चालू असतानाच.

हे कसे साधते, याचे एक उदाहरण क्रिकेटने दिले आहे. अजित वाडेकर हे भारताचे कर्णधार होते तेव्हाही स्टेट बँकेचे नोकरदार होते. १९७१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकल्या. १९७४ चा इंग्लंड दौरा मात्र वाईट गेला आणि तेहतिसाव्या वर्षी त्यांचे आंतरराष्ट्रीय क्रिकेट संपले. ज्यांनी डोक्यावर घेतले त्यांनीच पाठ फिरवली, असा तो काळ होता. अशा वेळी त्यांच्यापाशी बँकेचे टेबल होते. तेथे ते कामात पुढे गेले, वरिष्ठ अधिकारी झाले, आणि नव्वदच्या दशकात भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून मैदानाकडेही परतले.

वाडेकर एकटे नव्हते. त्या काळच्या मुंबईत मफतलाल, निर्लॉन, एसीसी, टाटा अशा कंपन्यांचे स्वतःचे संघ होते. एकनाथ सोलकर आणि अशोक मांकड मफतलालमध्ये, तर सुनील गावसकर निर्लॉनमध्ये होते. टाइम्स शील्ड स्पर्धेत या कंपन्या एकमेकांविरुद्ध खेळत. कंपनीला नाव मिळे, खेळाडूला पगार मिळे. तथापि याच व्यवस्थेत एक फरकही दडलेला होता. हजेरीपत्रकावर सही करून थेट सरावाला जाणारा खेळाडू निवृत्तीनंतर त्या कार्यालयात पाहुण्यासारखा वावरतो. सरावाच्या आधी किंवा नंतर दोन तास फाइली, खाती, ग्राहक समजून घेणारा खेळाडू निवृत्तीनंतर सहकारी होतो. नोकरी दोघांनाही मिळालेली असते, परंतु काम एकालाच येते.

खेळ संपण्याची तारीख प्रत्येक वेळी ठरवून येते असेही नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ येथील मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. त्यांचे हे यश सर्वांना माहीत आहे. त्यामानाने त्यांनी पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली याची चर्चा होत नाही. पद्मश्री त्यांना २०१८ मध्ये मिळाली. पदक आणि पद्मश्री यांच्यामध्ये शेहेचाळीस वर्षे आहेत. त्या वर्षांत चूल पेटती राहते ती महिन्याच्या पगारावर.

आता मराठवाड्याकडे वळू. धाराशिवच्या सारिका काळे यांनी भारताच्या महिला खो-खो संघाचे नेतृत्व केले आणि २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. घरची स्थिती एवढी बिकट होती की कित्येक वर्षे त्यांना दिवसातून एकदाच जेवण मिळे. पुढे त्या तुळजापूर येथे क्रीडा अधिकारी झाल्या आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक कुस्ती स्पर्धेत कांस्य जिंकले. राज्य शासनाने त्यांना पोलीस उपअधीक्षकपदी थेट नियुक्ती दिली. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी नेमबाजीचे कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली. मात्र खाशाबांना नोकरी पदकानंतर तीन वर्षांनी मिळाली, तर कुसाळे यांच्या पाठीशी ती पदकाच्या नऊ वर्षे आधीपासून होती. एवढा बदल निश्चित झाला आहे.

शासनाची व्यवस्था आज काय देते, हे नीट समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रात शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. परंतु पदासाठी लागणारी शैक्षणिक अर्हता आणि परीक्षा यांतून सुटका नाही. बारावीनंतर शिक्षण सोडलेल्या राष्ट्रीय खेळाडूला पदवी लागणारे पद मिळत नाही, मग त्याच्या पेटीत किती पदके आहेत याला महत्त्व राहत नाही. क्रीडा प्रमाणपत्राची विभागीय पातळीवर पडताळणी होते. थेट नियुक्ती मिळते ती आंतरराष्ट्रीय पातळीवर असामान्य कामगिरी करणाऱ्या मोजक्यांना. केंद्र शासनाची खेळाडूंसाठी निवृत्तिवेतन योजना आहे. २०१८ च्या वाढीनंतर ऑलिम्पिक पदकविजेत्यास महिना वीस हजार रुपये, तर आशियाई व राष्ट्रकुल स्पर्धांतील सुवर्णपदकासाठी चौदा हजार रुपये असा दर ठरला. वय तीस पूर्ण आणि सक्रिय खेळातून निवृत्ती, या तिच्या अटी आहेत. राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचून थांबलेल्या खेळाडूला या योजनेत जागा नाही. आणि पालम, गंगाखेड, परभणीकडच्या गुणी मुलांपैकी बहुतेकांची वाट तेथपर्यंतच जाते.

या मधल्या खेळाडूंसाठी २९ ऑगस्ट २०२४ रोजी, राष्ट्रीय क्रीडा दिनी, केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने ‘रीसेट’ नावाचा उपक्रम सुरू केला. वीस ते पन्नास वयोगटातील निवृत्त खेळाडूंना खेळाशी संबंधित व्यवसायांचे प्रशिक्षण देणे हा त्याचा हेतू आहे. बारावी व त्यापुढील आणि अकरावी व त्याखालील असे शिक्षणानुसार दोन गट केले आहेत. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था त्याची प्रमुख संस्था आहे. जगातही ही जाणीव तशी अलीकडचीच आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने खेळाडूंच्या पुढील नोकरी-व्यवसायासाठी स्वतंत्र कार्यक्रम २००५ मध्ये सुरू केला, आणि युरोपीय संघाने खेळ व शिक्षण ही दोन्ही रुळे एकाच वेळी कशी चालवावीत याची मार्गदर्शक तत्त्वे २०१२ मध्ये काढली. या साऱ्यांचे सार एकच आहे: दुसऱ्या कामाची तयारी निवृत्तीनंतर सुरू केली तर उशीर झालेला असतो.

शासनाची योजना कितीही चांगली असली तरी घसारा धरण्याचे काम घरातच करावे लागते. ते अवघड नाही. पहिली गोष्ट कागदांची. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र, तारीख, स्पर्धेची मान्यता आणि नावाचे एकसारखे लेखन यांची फाइल मुलगा बारा वर्षांचा असल्यापासून ठेवावी. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, प्रमाणपत्रावर दुसरे, आधारवर तिसरे, यामुळे पडताळणीत हातची संधी निसटू शकते. दुसरी गोष्ट शिक्षणाची. नियमित महाविद्यालय जमत नसेल तर मुक्त विद्यापीठातून का होईना, पदवी पूर्ण करावी. तिसरी गोष्ट पैशाची. बक्षिसाची रक्कम आली की प्रथम बूट, आहार, प्रवास यांचा वर्षाचा खर्च बाजूला काढावा, मग आरोग्य आणि अपघात विमा, आणि उरलेल्यातील निम्मी रक्कम तरी खेळाडूच्या स्वतःच्या नावाने मुदतठेवीत ठेवावी. त्या पैशातून भावाची मोटारसायकल किंवा घराचा वरचा मजला होऊ नये. तो पैसा त्याच्या शरीराच्या घसाऱ्याचा आहे.

चौथी गोष्ट मनाची, आणि ती सर्वांत दुर्लक्षित आहे. वर्षानुवर्षे गाव ज्याला पैलवान, धावपटू, कर्णधार म्हणून हाक मारते, त्याला एका सकाळी धावायला जायचे नसते. अंगात तीच सवय, मनात तीच घाई, पण जायला मैदान नाही. घरच्यांना वाटते, आता विश्रांती घेतोय. वस्तुतः तो कोण आहे हेच त्याला उमगेनासे झालेले असते. अशा वेळी ‘एवढे खेळून काय मिळाले?’ हा एक प्रश्न घरातून आला तर तो वर्षानुवर्षे सलत राहतो. पदकाच्या दिवशी पेढे वाटणाऱ्या घराने हा प्रश्न न विचारण्याचा निग्रह ठेवावा. त्याऐवजी त्याला दिवसाचे एक ठरलेले काम द्यावे, मग ते सुरुवातीला कितीही लहान असो.

व्यापारी कुटुंबांचा या विषयाशी दुहेरी संबंध येतो. एक, घरातील मूल खेळात चमकते तेव्हा. टेबल टेनिस, बुद्धिबळ, बॅडमिंटन, जलतरण यांत व्यापारी घरांतील मुले पुढे येत आहेत. अशा वेळी ‘खेळ की दुकान’ असा वाद घालण्याची गरज नाही. सुट्टीत आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याला रोजमेळ लिहायला बसवावे, उधारीची वसुली कशी होते ते पाहू द्यावे, वस्तू व सेवा कराचे विवरण कसे भरतात ते दाखवावे. सरावात खंड पडत नाही आणि तिशीला तो गादीजवळ आला तर अनोळखी ठरत नाही. व्यापारी घरातील खेळाडूला हा आधार जन्माने मिळतो. त्याने तो ओझे मानू नये, आणि घरच्यांनीही त्याला त्याचा टोमणा मारू नये.

दोन, दुसऱ्याच्या घरातील खेळाडू काम मागायला येतो तेव्हा. मफतलाल आणि निर्लॉन यांनी जे मोठ्या प्रमाणावर केले, ते पालमची एखादी कृषी सेवा पेढी किंवा जिनिंगचा मालक लहान प्रमाणावर करू शकतो. जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळून थांबलेला तरुण पहाटे उठतो, वेळ पाळतो, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो, आणि संघात कोणाच्या हाताखाली कसे काम करावे हे त्याला शिकवावे लागत नाही. त्याला येत नसतात त्या गोष्टी म्हणजे हिशेब, संगणक आणि गिऱ्हाइकाशी बोलणे. या तिन्ही गोष्टी सहा महिन्यांत शिकवता येतात, आधी सांगितलेल्या मात्र शिकवता येत नाहीत. अशा तरुणाला कामावर घेताना दोन पथ्ये पाळावीत. त्याची पदके दुकानाच्या जाहिरातीसाठी वापरू नयेत, आणि त्याला नुसते दारावर उभे करू नये. त्याला वही दाखवावी. ज्याला वही दाखवली जाते तोच पेढीचा माणूस होतो.

यात उपकाराचा भाग फारसा नाही. पेढीला चोख माणूस मिळतो, खेळाडूला पुढची तीस वर्षे मिळतात, आणि पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पुढच्या मुलाच्या वडिलांना एक उत्तर मिळते. आज ते वडील मुलाला विचारतात, ‘भरतीपुरते धाव, पुढे धावून काय करशील?’ त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. त्यांच्यासमोर तसे उदाहरण नाही, एवढेच. गावातील एखाद्या दुकानात पूर्वीचा राज्यस्तरीय धावपटू शांतपणे बिले तपासत बसलेला दिसला, तर त्या वडिलांच्या तोंडचा प्रश्न थोडा मवाळ होईल.

सकाळी आठच्या सुमारास पालमची शटर्स वर जाऊ लागतात. धावणारी मुले तोवर घरी परतलेली असतात. त्यांच्यातील बहुतेकांना भरतीचे पत्र हवे आहे आणि ते त्यांना मिळो. एखाद्याचे पाऊल मात्र त्याहून लांब पडणार असेल, तर त्याच्यासाठी घसाऱ्याचे खाते आजच उघडावे लागेल: घरच्यांनी त्याच्या फाइलीत आणि पासबुकात, पेढीवाल्यांनी आपल्या दुकानातील एका रिकाम्या खुर्चीत.